आधी थांबायला शिका: डिस्क गोल्फच्या बॅकहँडमधली पावलं आणि भार

हेलसिंकीला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या मंडळींनी मला ताली उद्यानातल्या डिस्क गोल्फच्या मैदानावर नेलं. डिस्क म्हणजे चपटी तबकडी. ती फेकत फेकत कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये, म्हणजे खांबावरच्या टोपलीत टाकायची. फिनलंडमध्ये या खेळाला फ्रिस्बीगोल्फ म्हणतात. गावोगावी त्याची मैदानं आहेत आणि बहुतेक ठिकाणी फुकट खेळता येतं. पिशवीत दोन-तीन डिस्क टाकायच्या आणि निघायचं. मी लगेच रमले. पण त्यानंतर दोन वर्षं माझी फेक पन्नास मीटरच्या पुढं सरकेना. दंडात ताकद कमी पडतेय असं समजून मी जोर लावत राहिले. खांदा दुखायला लागला आणि डिस्क मात्र तिथंच पडायची.

उत्तर सापडलं ते सांगोल्याला शेतावर. ज्वारी हुरड्यात आली की माझे चुलते माळ्यावर उभे राहून गोफणीनं पाखरं हाकायचे. सुट्टीत घरी गेले असताना त्यांना बघत बसले होते, आणि लहानपणापासून ऐकलेला एक आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. गोफण डोक्यावर गरगरते, मग त्यांचा पुढचा पाय माळ्याच्या फळीवर धप्पकन बसतो, आणि त्यानंतर गोफणीचा फटकारा वाजतो. आधी धप्प, मग फट्. हा क्रम कधी चुकत नाही. सत्तरीतल्या माणसाचा दगड शेताच्या पार बांधापलीकडं जातो, आणि त्यांच्या दंडाकडं पाहिलं तर तो फारसा ताणलेलाही दिसत नाही.

परत येऊन मी स्वतःच्या फेकीचा व्हिडिओ काढला. माझा क्रम बरोबर उलटा होता. पाय टेकायच्या आधीच हात निघालेला.

ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कचं वजन फार तर पावणेदोनशे ग्रॅम असतं. एवढ्याशा वस्तूला ताकद लागत नाही, वेग लागतो, आणि तो वेग पायातून वर यावा लागतो. तो कसा आणायचा हे मी ज्या क्रमानं शिकले, त्याच क्रमानं पुढं लिहिते आहे. सगळं उजव्या हाताच्या बॅकहँडबद्दल आहे, म्हणजे हात छातीसमोरून मागं नेऊन केलेल्या फेकीबद्दल. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं वाचावं. फोरहँडची पावलं निराळी असतात, त्यांचा इथं संबंध नाही.

पाय अडतो तेव्हा काय होतं

टीवर, म्हणजे पहिली फेक करायच्या जागेवर, आपण लक्ष्याच्या दिशेनं आडवे सरकत येतो. सगळं शरीर पुढं चाललेलं असतं. मग उजवा पाय रोवला जातो आणि कमरेखालचा भाग अडतो. एसटीनं करकचून ब्रेक मारला की दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाचे पाय जागेवर राहतात आणि धड पुढं फेकलं जातं. इथंही तेच होतं, फरक एवढाच की धड पुढं कलंडायच्या ऐवजी रोवलेल्या पायाभोवती फिरतं. आधी कंबर फिरते, तिच्यामागून खांदे, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी डिस्क. खालचा जड भाग थांबतो आणि त्याची गती वरच्या हलक्या भागाला मिळते, म्हणून टोकाशी असलेली डिस्क सगळ्यात जोरात सुटते.

नीरज चोप्रानं 2021 मध्ये टोकियोला 87.58 मीटर भाला फेकला, त्याचा व्हिडिओ पुन्हा एकदा फक्त पायांकडं लक्ष ठेवून बघा. शेवटी तो आडवा होऊन पाय ओलांडत येतो आणि डावा पाय खुंटीसारखा रोवतो. भाला त्यानंतर सुटतो. तो उजव्या हातानं खांद्यावरून फेकतो म्हणून रोवलेला पाय डावा. आपल्या बॅकहँडमध्ये तेच काम उजवा पाय करतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की ही फेक शेवटाकडून सुरुवातीकडं शिकावी. नवीन माणूस आधी धावायला शिकतो आणि थांबणं राहून जातं. आधी उभ्यानं, मग एका पावलानं, मग ओलांडीच्या पावलानं, आणि वेग सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: उभ्यानं

डिस्क हातात घेऊच नका. लक्ष्याकडं उजवा खांदा करून उभे राहा. पायांत खांद्यांपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवा. डाव्या पायाच्या बोटांपासून लक्ष्याकडं एक रेघ ओढली, तर ती उजव्या पायाच्या टाचेपाशी आली पाहिजे. म्हणजे उजवा पाय किंचित बोटांच्या बाजूला सरकलेला असेल. एवढ्यानं कमरेला फिरायला जागा होते. गुडघे सैल ठेवा, कुस्तीचा पवित्रा घेतो तसे. खुर्चीवर बसल्यासारखे वाकवू नका.

आता भार डाव्या पायावर घ्या. कुठं घ्यायचा हे महत्त्वाचं आहे: अंगठ्याच्या मुळाशी आणि तळपायाच्या आतल्या कडेवर. पायाच्या बाहेरच्या कडेवर भार गेला की गुडघा बाहेर पडतो, डोकं डाव्या पायाच्याही मागं जातं, आणि तिथून पुढं यायला वेळेत जमत नाही. सवय होईपर्यंत डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेखाली वहीच्या जाडीची लाकडी पट्टी ठेवा. पाय आपोआप आत झुकतो.

मग भार पुढं न्यायचा, आणि तो नेते कंबर. खांदा नाही, डोकंही नाही. यासाठी भिंतीसारखा गुरू नाही. उजवी बाजू भिंतीकडं करून वीतभर अंतरावर उभे राहा, भार डाव्या पायाच्या आतल्या कडेवर घ्या आणि उजव्या कुल्ह्यानं भिंतीला हलका धक्का द्या. कुल्हा आधी लागला तर बरोबर. खांदा आधी लागला तर तुम्ही पुढं कलंडताय. दात घासताना, कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघताना, दिवसातून वीस-तीस वेळा हे होऊन जातं.

दुसरा व्यायाम दाराच्या चौकटीशी. उजव्या हातानं चौकट छातीच्या उंचीवर धरा आणि मागं हात ताणून फेकायच्या तयारीत असतो तसे उभे राहा. हात न ओढता कुल्हा पुढं ढकला. डाव्या पायापासून कमरेतून पाठीमार्गे उजव्या खांद्यापर्यंत एक ताण जाणवेल. चौकट हलत नाही, म्हणून हाताला फसवायला जागाच उरत नाही. हा ताण ओळखीचा झाला की मैदानात तो नसला तर लगेच कळतं.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. कापडी पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या घाला आणि उजव्या हातात धरून तिला झोपाळ्यासारखी मागं-पुढं झुलवा. पिशवी मागं जाते तेव्हा भार डाव्या पायावर. ती मागच्या टोकाशी अजून लटकलेली असते, तेव्हाच भार उजव्या पायावर यायला सुरुवात झाली पाहिजे. पिशवी जड असल्यामुळं नुसत्या हातानं ओढायला गेलात तर झोका तुटतो. पाच मिनिटांत शरीर स्वतःच ओळखतं की आधी पाय, मग पिशवी.

एवढं झाल्यावर डिस्क घ्या, तीही पटर, म्हणजे जवळच्या फेकीची संथ डिस्क. ड्रायव्हर चुका लपवतो. पटर त्या उघड्या करतो. मोकळ्या मैदानात तीस-चाळीस मीटरवर एक खूण ठेवा आणि उभ्यानं फेका. फेकून झाल्यावर उजव्या पायावर तीन आकडे मोजेपर्यंत तोल सांभाळून उभं राहता आलं पाहिजे, डाव्या पायाचं फक्त बोट जमिनीला टेकलेलं. जमलं नाही तर भार पूर्ण पुढं आलेला नाही. या पायरीवर मी तीन आठवडे घालवले, आणि त्याच तीन आठवड्यांत माझी उभ्यानं फेकलेली डिस्क आधीच्या धावत फेकलेल्या डिस्कच्या पुढं पडायला लागली.

दुसरी पायरी: एक पाऊल

भार डाव्या पायावर, उजवा पाय उचललेला. आता उजवं पाऊल लक्ष्याकडं टाका, पण टाच आधी टेकवू नका. चवडा आधी टेकतो, मग टाच खाली येते. खरी फेक टाच खाली येण्याच्या त्या क्षणापासून सुरू होते. उजव्या पायाची बोटं लक्ष्याकडं रोखलेली नसावीत. ती लक्ष्याच्या रेषेशी काटकोन आणि अर्धा काटकोन यांच्या मध्ये कुठंतरी असावीत. पूर्ण काटकोनात पाय घट्ट अडतो, पण गुडघ्यावर ताण वाढतो. बोटं सरळ लक्ष्याकडं असली तर अडवायला काहीच उरत नाही आणि कंबर आधीच उघडते.

हात मागं कधी न्यायचा? पाऊल हवेत असताना. चवडा टेकतो त्या वेळी डिस्क मागच्या टोकाला पोचलेली असावी. इथंच बहुतेकांची गाडी अडते, आणि कान इथंच कामाला येतात. चुलत्यांचा धप्प आठवा. बुटाचा आवाज ऐका, आणि तो ऐकल्यावरच डिस्क ओढा. सुरुवातीला हे फार उशिराचं वाटतं. मला तर वाटायचं की आता डिस्क जाणारच नाही. व्हिडिओत मात्र तेव्हाच वेळ बरोबर दिसायची.

पाऊल लांब टाकू नका. लांब पावलावर भार पोचतच नाही, दोन पायांच्या मध्ये लटकत राहतो. आपण रोज चालताना टाकतो त्यापेक्षा थोडंसंच मोठं पुरे. पाय रोवल्यावर उजवा गुडघा किंचित वाकतो आणि फेकीच्या वेळी सरळ होत जातो, जमिनीला खाली रेटल्यासारखा. तो वाकतच गेला तर सगळी गती गुडघ्यातच जिरून जाते.

या क्षणी फुगडी आठवा. फुगडीत दोघी मागं झुकतात म्हणून वेग येतो. एकीनं पुढं झुकून पाहिलं की फुगडी मोडते. फेकीच्या ऐन क्षणी डिस्क एका बाजूला बाहेर खेचत असते, तेव्हा कमरेनं आणि टाचेवरच्या भारानं तिच्या विरुद्ध धरून राहायचं असतं. छाती डिस्कच्या मागं ओढली जाऊ देऊ नका. डावा हात पोटाशी आवळून घ्या. हात पसरलेला राहिला की फिरणं मंदावतं.

तिसरी पायरी: ओलांडीचं पाऊल

खेळाडू याला एक्स-स्टेप म्हणतात, कारण मधल्या क्षणी पायांची फुली होते. पावलं तीनच: उजवं, डावं उजव्याच्या मागून, उजवं.

पहिलं उजवं पाऊल साधं, लक्ष्याकडं, बोटं अर्धी वळलेली. शरीर आडवं होऊ लागतं.

दुसरं पाऊल सगळ्यात नाजूक. डावा पाय उजव्याच्या मागून ओलांडतो आणि चवड्यावर उतरतो. त्याची बोटं लक्ष्याच्या रेषेला काटकोनात किंवा किंचित मागं वळलेली असावीत. ती पुढं वळली तर कंबर उघडी पडते आणि पुढचं सगळं बिघडतं. उडी मारू नका. डोकं एकाच उंचीवर पुढं सरकलं पाहिजे, भरलेली घागर डोक्यावर असावी तसं. हात मागं जायला याच पावलात सुरुवात होते. डिस्क लक्ष्यापासून सरळ मागं जावी, पोटाला वळसा घालून नव्हे.

तिसरं पाऊल तुम्हाला येतंच, ते दुसऱ्या पायरीतलं. फरक इतकाच की आता शरीर आधीच पुढं चाललेलं असतं, त्यामुळं डाव्या पायावर बसकण मारायला वेळ नाही. डावा पाय टेकतो तोवर कंबर त्याच्या पुढं निघालेली असावी. डाव्या पायानं जोर लावून ढकलायचं नसतं, त्याच्यावरून पुढं पडायचं असतं. हे मला एका अनुभवी फिनिश खेळाडूनं दाखवलं. त्यानं मला डाव्या पायावर उभं केलं, हलकेच पुढं ढकललं आणि म्हणाला, आता पडू नकोस. माझा उजवा पाय आपोआप जिथं टेकला, तीच त्याची योग्य जागा होती.

लय सारखी नाही. पहिली दोन पावलं संथ, शेवटचं चटकन: ए-क… दो-न… तीन. शाळेत लेझीम खेळला असाल तर ठेका लगेच बसेल. डिस्कशिवाय घराच्या पॅसेजमध्ये रोज पन्नास वेळा करा, आणि निम्म्या वेळा डोळे मिटून. एस्टोनियाची क्रिस्टिन तत्तार 2022 आणि 2023 अशी सलग दोन वर्षं डिस्क गोल्फची जगज्जेती झाली. तिची पावलं बघत बसावीत. सगळं चालण्याच्या गतीत चालू असतं आणि डिस्क मात्र सणसणत जाते. लांब पल्ल्याच्या फेकीत काही जण टीवर पूर्ण गिरकी घेतात, त्यांच्याकडं आत्ता बघू नका.

अल्टिमेट फ्रिस्बी, म्हणजे डिस्कचा सांघिक खेळ, खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण पुण्या-मुंबईत असे बरेच जण आहेत. अल्टिमेटमध्ये डावा पाय जागेवर खिळलेला असतो आणि फेक मनगटातून निघते. मनगट तुमच्याकडं तयार आहे, हा मोठा फायदा. पण भार डाव्या पायावरच ठेवायची सवय घट्ट बसलेली असते. तुम्ही पहिल्या पायरीला दुप्पट वेळ द्या.

वाळू खोटं बोलत नाही

ओली वाळू मिळाली तर सोडू नका. मी हिएतानिएमीच्या किनाऱ्यावर हे करते. अलिबाग किंवा गुहागरला ओहोटीच्या वेळी तर याहून चांगली जागा मिळेल. वाळू सपाट करा, पूर्ण पावलांसह फेका आणि मग खाली वाकून ठसे वाचा.

डाव्या पायाचा ठसा अंगठ्याकडं खोल असावा आणि तिथून लक्ष्याकडं बोटाची एक ओरखडलेली रेघ गेलेली असावी. म्हणजे भार पुढं गेला आणि पाय मागून ओढला गेला. रेघ नसून जागच्या जागी भोवरा फिरल्यासारखा खड्डा असेल, तर तुम्ही मागच्याच पायावर फिरलात. ठसा बाहेरच्या कडेला खोल असेल तर पट्टीचा व्यायाम पुन्हा सुरू करा. उजव्या पायाचा चवडा आधी रुतलेला आणि टाचेपाशी गोल घासलेलं दिसलं पाहिजे. उजवा ठसा पुढं घसरत गेला असेल तर पाय अडलाच नाही, किंवा तुमचा वेग तुमच्या पायापेक्षा जास्त आहे.

वाळू नसेल तर मोबाइल आहे. स्लो मोशन लावून दोन ठिकाणांहून चित्रण करा: एकदा पाठीमागून लक्ष्याच्या रेषेत, एकदा छातीसमोरून. सगळा व्हिडिओ बघत बसू नका. उजवी टाच टेकते त्या चौकटीवर थांबवा आणि दोनच प्रश्न विचारा. डिस्क अजून मागं आहे का? कंबर खांद्यांच्या पुढं निघाली आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर पुढचं बहुतेक आपोआप सुधारतं.

डिस्कही बोलते. ती वर चढून मंदावते आणि डावीकडं धपकन पडते, तेव्हा बहुतेकदा भार मागं राहिलेला असतो: धड मागं झुकतं आणि डिस्कचा पुढचा काठ वर उचलला जातो. माझी दोन वर्षं याच फेकीत गेली. डिस्क उशिरा सुटून उजवीकडं झाडीत गेली, तर पाय टेकायच्या आधीच खांदे उघडले असावेत. जमिनीकडं झेपावली तर छाती पुढं कलंडली. एका दिवशी एकच चूक धरा.

गुडघा

इथं घाई नको. फेक झाल्यावर शरीर फिरत राहतं. उजवा पाय जमिनीला खिळून राहिला तर ते फिरणं गुडघ्यात पिळलं जातं. डिस्क सुटताच पुढचा चवडा उचलून टाचेवर फिरू द्या आणि डावा पाय पुढं येऊ द्या. फार खोल दातांचे बूट कोरड्या काँक्रीटच्या टीवर पायाला चिकटवून धरतात, तिथं सपाट तळव्याचे बरे. फिनलंडमध्ये बऱ्याच टींवर कृत्रिम गवत असतं, आणि ओलं झालं की ते निसरडं होतं. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर पाय वर्तुळात घसरतो, म्हणून आधी खडे झाडून घ्या. खेळण्याआधी पाच मिनिटं कुल्हे आणि घोटे मोकळे करा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्या दिवशी पुढची फेक करू नका, आणि दुखणं आठवडाभर राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मैदानात

टीवर धावत येण्याची सुरुवात टीच्या मागून केली तरी चालते. डिस्क हातातून सुटताना मात्र जमिनीला टेकलेला प्रत्येक पाय टीच्या आत हवा. फेकून झाल्यावर पाय पुढं बाहेर गेला तरी हरकत नाही. टीवर चढायच्या आधी पुढच्या काठापासून एक पाऊल आत मनात खूण करा, तिथं उजवा पाय यायचा. मग तिथून तीन पावलं मागं मोजत या. म्हणजे ऐनवेळी काठ बघून पाऊल आखडत नाही.

पुढच्या फेकी पडलेल्या डिस्कच्या मागून. नियमानं तिथं 20 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब एवढीच जागा मिळते आणि डिस्क सोडताना एक पाय त्या चौकटीत असावा लागतो. मुळं, उतार, दगड यांत तीन पावलं टाकून तेवढ्या जागेवर उतरणं अवघड असतं, म्हणून तिथं एक पाऊल किंवा उभ्यानं फेक. बास्केटपासून 10 मीटरच्या आत तर फेकल्यावरही खुणेच्या मागं तोल सांभाळून दाखवावा लागतो. तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहायची सवय तिथं कामी येते.

वेग वाढवायचा तो चार-पाच आठवड्यांनी आणि थोडा थोडा. दहा फेकी चालत, मग तीन किंचित जलद. त्या तिन्हींत टाचेचा आवाज आधी आला तरच पुढं जा, नाहीतर पुन्हा चालण्यावर या. आणि टीवर पाणी साचलं असेल त्या दिवशी मी आजही उभ्यानंच फेकते.